कौतुकाच्या ॲपचे एक वर्ष

गेल्या गुढीपाडव्याच्या सुमारास आमच्या कारखान्यात कर्मचाऱ्यांचे कौतुक नोंदवण्यासाठीची एक ॲप-सेवा आम्ही वर्षभराच्या वर्गणीवर घेतली. नूतनीकरणाचा प्रस्ताव आता माझ्या टेबलावर आहे आणि तो मंजूर करावा की नाही हे ठरवताना जी टिपणे काढली, त्यांतूनच हे परीक्षण तयार झाले. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण खरेदीपूर्वी या प्रकारच्या ज्या चार-पाच सेवांची प्रात्यक्षिके पाहिली, त्या सगळ्या जवळजवळ एकाच साच्यातल्या होत्या आणि पुढे सांगितलेले गुणदोष त्यांतल्या बहुतेकींना लागू पडतील असे मला वाटते.

आमचा कारखाना चाकणचा. वाहनांच्या गिअरबॉक्ससाठी लागणारे सुटे भाग आम्ही सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांवर घडवतो. कायम आणि कंत्राटी मिळून अडीचशेच्या आसपास माणसे आहेत आणि काम तीन पाळ्यांत चालते. ही सेवा घेण्याचे कारण अगदी साधे होते. हाताशी धरून तयार केलेले सेटर, म्हणजे कामासाठी यंत्र जुळवून देणारे कारागीर, दोन-अडीच वर्षांत सोडून जात होते, आणि जाताना त्यांच्याशी बोलायला बसलो की पगाराचा विषय यायचाच, पण त्याच्या मागोमाग दुसरे एक वाक्यही यायचे. एकाने ते फार नेमके सांगितले होते : ‘साहेब, पीस रिजेक्ट झाला की दहा मिनिटांत तीन जण येऊन उभे राहतात, महिनाभर एकही रिजेक्शन निघाले नाही, तर कुणी फिरकतसुद्धा नाही.’ हे ऐकून मी खजील झालो, कारण त्या तिघांपैकी एक बहुतेक वेळा मीच असायचो.

ॲपची रचना थोडक्यात सांगतो. कुणीही कुणालाही ‘शाबासकी’ पाठवू शकतो. पाठवताना कंपनीने ठरवलेल्या मूल्यांपैकी एक बिल्ला निवडायचा, हवे तर दोन ओळी लिहायच्या आणि आपल्या वाट्याच्या गुणांपैकी काही गुण द्यायचे. गुण साठले की त्यांच्या बदल्यात खरेदीची व्हाउचरे मिळतात. कुणाला किती शाबासक्या मिळाल्या याची क्रमवारी पडद्यावर झळकत राहते आणि महिन्याच्या शेवटी व्यवस्थापकाला रंगीत आलेखांचा अहवाल येतो. किंमत दरडोई दरमहा आकारली जाते. एका माणसाच्या वडापाव आणि चहापेक्षा थोडी जास्त, त्यामुळे खरेदीच्या बैठकीत तिच्यावर फारशी चर्चा झाली नाही. चर्चा करायला हवी होती, हे पुढे कळले.

पहिली अडचण आली ती मोबाइलची. आमच्याकडे शॉप फ्लोअरवर मोबाइल नेता येत नाही; तो लॉकरमध्ये ठेवूनच आत जावे लागते. विक्रेत्याच्या प्रतिनिधीला हे माहीत नव्हते, म्हणजे ज्या सेवेची जाहिरात उत्पादन क्षेत्रासाठी म्हणून केली जाते, ती बनवणाऱ्यांपैकी कुणी पाळी सुरू होताना कारखान्याच्या दारात उभे राहिले नसावे. शेवटी कँटीनच्या भिंतीवर एक आणि टाइम ऑफिसजवळ एक असे दोन टॅब आम्ही स्वखर्चाने बसवले. त्यांचा एक अनपेक्षित फायदा मात्र झाला. संदेश खिशातल्या खिशात न राहता कँटीनमध्ये सगळ्यांसमोर दिसू लागले, आणि जेवणाच्या सुट्टीत ते मोठ्याने वाचून दाखवण्याची, अर्थात टिंगल करत, पद्धत पडली.

टिंगल होण्याचे कारण मराठी. प्रत्येक बिल्ल्यासोबत तयार वाक्ये दिलेली असतात आणि ती इंग्रजीतून यंत्राने मराठीत आणलेली आहेत हे कुणालाही पहिल्या वाचनात समजते. रात्रपाळीत थांबून तातडीचा माल काढून देणाऱ्या एका ऑपरेटरला संदेश आला, ‘आपण अतिरिक्त मैल चाललात!’ अपेक्षेपेक्षा जास्त कष्ट घेणे या अर्थाच्या इंग्रजी वाक्प्रचाराचे हे शब्दशः भाषांतर. त्याने कँटीनमध्ये उभे राहून विचारले की, मी तर मशिनपासून हललोही नाही, मग चाललो कुठे? त्यानंतर महिनाभर कुणी चहा आणायला निघाला तरी त्याला ‘किती मैल?’ असे विचारले जाई. शब्दांची ही चूक मी किरकोळ मानत नाही. आपल्याकडे तोंडावर स्तुती करण्याची सवय मुळात कमी. जो करतो त्याच्याकडे आधी संशयाने पाहिले जाते. साहेब आज गोड बोलतायत म्हणजे रविवारी ओव्हरटाइम असणार, हा हिशेब कामगाराच्या मनात तयारच असतो. हरभऱ्याच्या झाडावर चढवणे हा वाक्प्रचार उगीच रुजलेला नाही. अशा वातावरणात उसने आणलेले चकचकीत वाक्य संशय अधिकच पक्का करते.

मग या सेवेतले काय उपयोगी ठरले? ‘नेमके काय केले?’ हा एक रिकामा चौकोन. मुळात तो ऐच्छिक होता. दुसऱ्या महिन्यात मी तो सक्तीचा करून घेतला आणि तयार वाक्ये बंद करायला लावली. शाबासक्यांची संख्या एकदम कोसळली. पुरवठादार कंपनीच्या प्रतिनिधीने काळजीचा फोन केला, ‘सर, तुमचा सहभाग कमी दिसतोय.’ मला मात्र त्याच आठवड्यात पहिल्यांदा वाचण्यासारखे काहीतरी मिळाले.

आमच्या तपासणी विभागात एक ज्येष्ठ सुपरवायझर आहेत; सगळे त्यांना ताई म्हणतात. त्यांच्याकडे ॲप येण्याच्या कितीतरी आधीपासून एक छोटी वही असायची. पाळीत फिरताना जे दिसेल ते त्या दोन शब्दांत टिपून ठेवत, आणि शनिवारी त्या माणसापाशी जाऊन सांगत. सक्तीचा चौकोन आल्यावर त्यांनी वहीतल्या नोंदी तिथे लिहायला सुरुवात केली. त्यांचा एक संदेश माझ्या टिपणांत आहे (बोअर म्हणजे भागातले गोल छिद्र, इन्सर्ट म्हणजे हत्याराचे बदलता येणारे कापणारे टोक) : ‘बोअरचे माप मर्यादेत असूनही सकाळपासून हळूहळू वर सरकतेय हे याने स्वतःहून पाहिले आणि इन्सर्ट बदलायची वेळ येण्याआधी मला हाक मारली. त्यामुळे दुपारचा लॉट वाचला.’ ज्याला तो मिळाला त्या मुलाचे वय जेमतेम बावीस. टॅबसमोर उभा राहून त्याने तो दोनदा वाचला आणि कुणी पाहत तर नाही ना, हे बघून पुन्हा एकदा वाचला. त्या संदेशात ‘उत्कृष्ट’ हा शब्द नव्हता, विशेषणच नव्हते. होते ते एवढेच, की कुणीतरी पाहिले होते, आणि त्याला स्वतःलाही नीट सांगता आले नसते असे त्याच्या कामातले कौशल्य ओळखून शब्दांत मांडले होते. शिवाय शेजारच्या मशिनवरच्या तिघांना माप सरकताना कसे पाहायचे हे त्यातून आपोआप कळले, जे आम्ही प्रशिक्षणाच्या तक्त्यांतून वर्षभर सांगत होतो.

वर्गणीसोबत सुपरवायझरांसाठी अर्ध्या दिवसाची एक कार्यशाळा मोफत मिळते. तिच्याबद्दल माझे मत संमिश्र आहे. अर्धा वेळ टाळ्या वाजवण्यात आणि एकमेकांच्या पाठीला चिकटवलेल्या कागदावर गुण लिहिण्यात गेला, ज्यात आमचे टूल रूमचे फोरमन विलक्षण अवघडले होते. पण प्रशिक्षकाने एक प्रयोग चांगला समजावून सांगितला. ॲडम ग्रँट आणि फ्रान्सेस्का जिनो यांनी तो 2010 मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एका विद्यापीठासाठी माजी विद्यार्थ्यांना फोन करून देणग्या मागणाऱ्या 41 जणांचे दोन गट होते आणि त्यांचा पगार ठरावीक होता. एका गटाला संचालिकेने प्रत्यक्ष भेटून तुमच्या कष्टांबद्दल मी कृतज्ञ आहे असे सांगितले, दुसऱ्याला काहीच सांगितले नाही. पुढच्या आठवड्यात पहिल्या गटाने केलेल्या फोनची संख्या 50 टक्क्यांहून अधिक वाढली, दुसऱ्याची तशीच राहिली. आपल्या श्रमाला कुणाच्या तरी लेखी किंमत आहे ही जाणीव त्या वाढीमागे होती, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. प्रशिक्षकाने जे सांगितले नाही ते असे, की त्या संचालिका स्वतः उठून त्या खोलीत गेल्या होत्या. त्यांच्या हातात ॲप नव्हते.

आता गुण आणि व्हाउचरे. या भागाबद्दल मी ठामपणे प्रतिकूल लिहिणार आहे. गुण आले की देवाणघेवाण येते. तिसऱ्या महिन्यात डिस्पॅचमधले दोघे दर सोमवारी एकमेकांना समान गुण पाठवत असल्याचे दिसले. विचारल्यावर त्यांनी अजिबात न लाजता सांगितले की, गुण महिन्याच्या शेवटी वाया जातात, मग वापरलेले काय वाईट? त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. रचनाच तशी होती. हिशेब विभागाला वेगळा त्रास. व्हाउचर ही नियोक्त्याने दिलेली भेट ठरते. आमच्या वापराच्या काळातल्या आयकर नियमांनुसार अशा भेटींचे मूल्य वर्षाला एकूण 5,000 रुपयांच्या आत असेल तरच ते करपात्र ठरत नव्हते, त्यामुळे दिवाळीच्या भेटीसकट प्रत्येकाची बेरीज ठेवत बसावे लागले. ॲपमध्ये ती बेरीज होत नाही.

याहून मोठी चूक आमची स्वतःची होती. सेवेत ‘पूर्ण हजेरी’ नावाचा एक तयार बिल्ला आहे. महिनाभर एकही खाडा किंवा उशीर नाही, तर आपोआप गुण मिळतात. आम्ही तो हौसेने सुरू केला. नंतर वाचनात आले की, अमेरिकेतल्या एका औद्योगिक लाँड्री कंपनीच्या पाचपैकी एका केंद्रात जवळपास अशीच योजना राबवली गेली होती आणि टिमोथी गबलर, इयन लार्किन आणि लामार पिअर्स यांनी तिचा अभ्यास 2016 मध्ये मांडला. पूर्ण हजेरी लावणाऱ्यांची नावे सोडतीत घालून एकाला 75 डॉलरचे गिफ्ट कार्ड दिले जाई. लोक वेळेवर येऊ लागले खरे, पण पात्रतेपुरतेच. एकदा महिन्यात उशीर होऊन पात्रता गेली की उरलेले दिवस पहिले पाढे पंचावन्न. आणि जे आधीपासून कुणी न सांगता वेळेवर येत होते त्यांचे काम मंदावले, कारण ज्या गोष्टीला कालपर्यंत कुणी मोजत नव्हते तिच्यासाठी आता दुसऱ्याला बक्षीस मिळत होते. केंद्राची एकूण उत्पादकता 1.4 टक्क्यांनी घटली. आमच्याकडे एवढे काटेकोर मोजमाप नाही, परंतु वीस वर्षे पहिल्या पाळीला सहा पन्नासला गेटवर हजर असणारे आमचे एक टर्नर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते मला जे म्हणाले ते मला पुरेसे होते : ‘आता वेळेवर येण्याचेही गुण लागले का? म्हणजे इतकी वर्षे आम्ही फुकट आलो.’ तो बिल्ला दुसऱ्या दिवशी बंद केला. मामांची समजूत घालायला मात्र त्याहून बराच अधिक वेळ लागला.

क्रमवारीच्या फलकाबद्दल माझे मत इतके सरळ नाही. तो मला आवडत नाही. तपासणी, देखभाल, स्टोअर अशी कामे करणाऱ्यांचे नाव त्यात वर येत नाही, कारण त्यांचे काम चांगले झाले की काहीच घडत नाही, आणि काहीच न घडल्याबद्दल शाबासकी पाठवण्याचे कुणाला सुचत नाही. पण ‘सगळ्यांचेच कौतुक करा’ हा उपायही टिकत नाही. ब्राडलर, डूर, नेकरमन आणि नॉन या अर्थशास्त्रज्ञांनी तीन तासांच्या माहिती-नोंदणीच्या कामासाठी 300हून अधिक जणांना नेमून एक प्रयोग केला, तोही 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. मधेच, आधी काहीही न सांगता, काही गटांत आभाराची कार्डे दिली गेली. सर्वांत चांगला परिणाम दिसला तो आठ जणांच्या गटातल्या सर्वोत्तम तिघांनाच कार्ड दिल्यावर, आणि गंमत म्हणजे पुढची सुधारणा मुख्यतः ज्यांना कार्ड मिळाले नाही त्यांच्यात झाली. म्हणजे निवड हवी. पण ती निवड काम पाहून झालेली आणि आगाऊ जाहीर न केलेली होती, हे लक्षात ठेवावे लागते. आमच्या फलकावरची निवड ज्याला जास्त मित्र त्याची. दिवाळीनंतर मी फलक झाकला. कुणी तक्रार केली नाही, पहिल्या तीन क्रमांकांवर असलेल्यांनीसुद्धा.

सर्वांत गंभीर दोष मात्र ॲपचा म्हणता येणार नाही. तो किमतीच्या रचनेत आहे आणि आमच्या कंजूषपणातही. वर्गणी दरडोई असल्याने आम्ही फक्त कायम कर्मचाऱ्यांची नावे घातली. कंत्राटी मुले बाहेर राहिली. कागदोपत्री ती ठेकेदाराची माणसे, त्यामुळे त्यांना आमच्या नोंदींत घेऊ नये असा सल्लाही मिळाला होता. परिणाम असा, की एकाच लाइनवर एकाच यंत्रापाशी उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाचे नाव कँटीनच्या पडद्यावर झळकायचे आणि दुसऱ्याचे कधीच नाही, जरी त्या दिवशी चिपमध्ये, म्हणजे धातूच्या किसात, हात घालून अडकलेला कन्व्हेअर मोकळा करणारा तो दुसराच असला तरी. कौतुकाची व्यवस्था नसताना हा भेद निदान पडद्यावर दिसत नव्हता. हे ज्यांना घ्यायचे आहे त्यांनी पहिल्या दिवशी विचारावे की, बिल न भरता नाव घालता येते का. आमच्या पुरवठादाराने नकार दिला. तेव्हा ताईंनी एक पांढरा फळा टॅबच्या शेजारी टांगला आणि कंत्राटी मुलांबद्दलच्या नोंदी त्या तिथे मार्करने लिहू लागल्या. वाचणाऱ्यांची गर्दी फळ्यापाशी जास्त असते, हे मी प्रांजळपणे नोंदवतो.

पगाराविषयी दोन वाक्ये लिहिली नाहीत तर हे परीक्षण अपुरे राहील. विक्रेत्याच्या सादरीकरणात कौतुक हे पैशाला स्वस्त पर्याय असल्यासारखे मांडले जाते आणि त्याला फ्रेडरिक हर्झबर्ग यांचा दाखला जोडला जातो. हर्झबर्ग यांनी पिट्सबर्ग भागातल्या सुमारे 200 अभियंते आणि हिशेबनीसांच्या मुलाखतींवरून 1959 मध्ये असे मांडले की, कामातून समाधान देणाऱ्या गोष्टींत यश आणि दखल यांचा क्रम वरचा आहे. पण पगार आणि कामाची परिस्थिती वाईट असेल तर असमाधान राहते, ही त्यांच्या मांडणीची दुसरी बाजू सादरीकरणात येत नाही. ऑगस्टमध्ये वेतनकराराची बोलणी लांबली तेव्हा पडद्यावरच्या शाबासक्या जवळजवळ थांबल्या, आणि कुणीतरी टॅबच्या चौकटीवर ‘बोलाचीच कढी, बोलाचाच भात’ असे लिहून ठेवले. मी ते दोन दिवस पुसू दिले नाही. करार झाल्यावर ते लिहिणाऱ्यानेच पुसले असावे.

ग्राहकसेवा तत्पर आहे. फोन लागतो, बोलणारे नम्र असतात. पण त्यांना बदलता येण्यासारखे फार थोडे असते, आणि अहवालातला प्रत्येक आकडा शाबासक्यांच्या संख्येचाच असतो. किती नोंदींमध्ये प्रत्यक्ष काम वर्णन केलेले आहे, कुठल्या सुपरवायझरने तीन महिन्यांत एकाही माणसाबद्दल काही लिहिले नाही, हे विचारले तर उत्तर येते की तशी सोय पुढच्या आवृत्तीत होईल. दुसरी माहिती आम्ही हाताने काढली. चौघांची नावे निघाली. त्यांतल्या एकाशी बोललो तेव्हा तो म्हणाला, ‘मलाच कधी कुणी काही म्हटले नाही, मी काय लिहू?’ त्याच्या कामाबद्दल मी सहा वर्षांत तोंडून एक शब्द काढला नव्हता, हे मला तिथेच उभ्याउभ्या आठवले. तेव्हापासून आठवड्यातून एकदा, मंगळवारी, दुसऱ्या पाळीच्या सुरुवातीला मी टॅबला हात न लावता लाइनवर जातो.

तुलनेसाठी म्हणून सांगतो : महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाचा गुणवंत कामगार पुरस्कार आमच्याकडच्या एका निवृत्त फिटरला मिळाला होता. त्या पुरस्कारासाठी कारखान्यातल्या कामाबरोबर कामगाराचे सामाजिक, सांस्कृतिक कामही पाहिले जाते. प्रमाणपत्र त्यांच्या बैठकीच्या खोलीत, लग्नाच्या फोटोच्या वर लावलेले आहे. ॲपवरची प्रमाणपत्रे छापून घेता येतात, आणि वर्षभरात किती जणांनी छापून मागितली हे मी टाइम ऑफिसला विचारले. एकाने. तोच तो बावीस वर्षांचा मुलगा. त्याला बिल्ला नको होता, फक्त ताईंचा मजकूर हवा होता.

निर्णय असा आहे. नूतनीकरण करतो आहे, पण सर्वांत लहान पॅकेजचे : गुण नाहीत, व्हाउचरे नाहीत, फलक नाही, तयार वाक्ये नाहीत. व्हाउचरांचे वाचलेले पैसे कंत्राटी मुलांची नावे घालण्यासाठी वापरायचे ठरले आहे. कायदेशीर सल्लागारांना ठेकेदाराच्या लेखी संमतीवर राजी केले. ज्यांच्याकडे पन्नासच्या आत माणसे आहेत त्यांनी ही सेवा घेऊ नये असे माझे मत आहे. त्यांना एक वही, एक फळा आणि शनिवारची पंधरा मिनिटे पुरतील. मोठ्या, तीन पाळ्यांच्या कारखान्यात, जिथे रात्रपाळीच्या माणसाचे काम दिवसपाळीच्या साहेबाला दिसतच नाही, तिथे लिहिलेली नोंद टिकून राहते आणि सकाळी वाचता येते, एवढा या सेवेचा खरा उपयोग आहे. पाचपैकी मी तिला तीन तारे देईन, आणि त्यांतला एक त्या रिकाम्या चौकोनासाठी.

एक मागणी अजून पूर्ण झालेली नाही. त्या चौकोनात 200 अक्षरांची मर्यादा आहे आणि मराठीतली प्रत्येक काना-मात्रा, वेलांटी हे ॲप स्वतंत्र अक्षर म्हणून मोजते, त्यामुळे आपल्या भाषेला इंग्रजीहून बरीच कमी जागा मिळते. दुरुस्तीसाठी चार वेळा लिहिले. तोवर ताई एकाच माणसाचे कौतुक दोन संदेशांत पाठवतात आणि पहिल्याच्या शेवटी कंसात लिहितात, पुढे चालू.